मेयोनीजच्या जागी चक्का: घरचं हलकं आणि दाट सॅलड ड्रेसिंग

माझं पहिलं हलकं ड्रेसिंग म्हणजे गुलाबी पाण्यात पोहणारे बटाटे. शेजारीण दर नाताळात ‘सलाद रूसा’ करते. उकडलेले बटाटे, गाजर, बीट, मटार आणि हात सैल सोडून मेयोनीज. मला वाटलं, मेयोनीजच्या जागी दही घातलं की झालं. वाटीभर दही फेटलं, मीठ-मिरी घातली, भाज्यांवर ओतलं आणि जेवणवेळेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवलं. दोन तासांनी झाकण काढलं तर तळाशी बोटभर गुलाबी पाणी आणि वर पांढऱ्या कण्या चिकटलेले बटाटे. सासूबाईंनी ते निमूटपणे ताटाच्या कडेला सरकवून ठेवलं. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दही आहे तसं घालायचं नसतं, ते आधी टांगायचं असतं, एवढी साधी गोष्ट श्रीखंड करणाऱ्या घरातल्या मला तेव्हा सुचली नाही. पुढे जमत गेलं. आता आमच्या फोंड्याच्या घरात मेयोनीजची बाटली येत नाही, ड्रेसिंगची बरणी मात्र बहुतेक आठवडे फ्रिजच्या वरच्या खणात असते. ते कसं करायचं, आणि मुख्य म्हणजे कुठे बिघडतं, ते सगळं इथे सांगते.

मेयोनीज जड का असतं

मेयोनीज म्हणजे तेलच. पारंपरिक मेयोनीजमध्ये वजनाच्या ७० ते ८० टक्के तेल असतं. अंड्याच्या बलकातलं लेसिथिन त्या तेलाचे बारीक थेंब थोड्याशा पाण्यात धरून ठेवतं, आणि थेंब इतके खच्चून भरलेले असतात की पातळ तेलाचा घट्ट मलम होतो. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी. त्या हिशेबाने मेयोनीजच्या एका टेबलस्पूनमध्ये ९० ते १०० कॅलरी भरतात. चार जणांच्या सलादला १५० ग्रॅम मेयोनीज लागलं तर हजारेक कॅलरी नुसत्या त्यातच, बटाटे वेगळे.

बाजारात ‘लाइट’ लिहिलेल्या बाटल्या मिळतात. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे मागची यादी वाचली की चित्र कळतं. त्यांनी तेल कमी करून पाणी वाढवलेलं असतं, आणि ते पाणी सुटू नये म्हणून स्टार्च आणि डिंकासारखे पदार्थ घातलेले असतात. युक्ती चुकीची नाही. आपणही तेच करणार आहोत, फक्त पाणी धरून ठेवायचं काम स्टार्चऐवजी दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाकडे देणार आहोत. चक्का म्हणजे त्या केसीनची जाळीच.

कच्च्या अंड्याचं मेयोनीज मी घरी करत नाही, आणि गोव्याच्या हवेत तुम्हीही करू नका असंच सांगेन. साल्मोनेला या विषबाधा करणाऱ्या जंतूच्या भीतीने केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. आपल्यासारखीच दमट, उबदार हवा असलेल्या केरळाने सर्वात आधी घातली, हे लक्षात घ्या.

दही: अर्धं काम इथेच

अर्धा लिटर टोन्ड दूध घ्या. त्यात ३ टक्के स्निग्धांश असतो, आणि या कामाला तो बरोबर पुरतो. डबल टोन्डचं, म्हणजे दीड टक्क्याचं दही मी करून पाहिलं. ड्रेसिंग हलकं झालं, पण जिभेवर खडूसारखं लागलं. म्हशीच्या दुधाचं उत्तम होतं, फक्त मग ते हलकं म्हणू नये.

दूध उकळल्यावर लगेच गॅस बंद करू नका. मंद आचेवर ढवळत आणखी १० मिनिटं ठेवा. या तापण्याने दुधातली दुसरी प्रथिनं, जी एरवी पाण्याबरोबर निघून जातात, ती केसीनला चिकटतात आणि दही घट्ट लागतं, पाणी कमी सोडतं. मग बोटाला सोसेल इतकं कोमट होऊ द्या आणि अर्धा लहान चमचा विरजण लावा.

आता आपल्या हवेचा प्रश्न. घाटावरच्या मैत्रिणी रात्री विरजण लावून सकाळी दही काढतात. मे महिन्यात फोंड्याला तसं केलं तर सकाळी कढीच करावी लागते. मी उन्हाळ्यात सकाळी सातला विरजते, बारा-एकच्या सुमारास भांडं हलवून पाहते. दही एकसंध हललं की लगेच फ्रिजमध्ये. पावसाळ्यात आणि डिसेंबरात दोनेक तास जास्त लागतात. दही जितकं गोडसर असताना थांबवाल तितकं बरं, कारण आंबटपणा आपल्याला व्हिनेगरने द्यायचाय. दह्याचा आंबटपणा एकदा चढला की उतरवता येत नाही.

विकतचं दही घेतलंत तरी चालेल. डब्याऐवजी ताजी तारीख पाहून पाउच घ्या, आणि साखर घातलेलं नाही ना ते बघा.

टांगणं

मलमलचा दुपदरी तुकडा ओला करून घट्ट पिळा, चाळणीवर पसरा, चाळण पातेल्यावर ठेवा आणि दही त्यात ओता. गाठ मारून सगळं फ्रिजमध्ये. श्रीखंडाची पुरचुंडी खुंटीला टांगायची सवय असेल तर ती इथे मोडा. बाहेर टांगलेलं दही आपल्याकडे चार तासांत आंबतं.

अर्धा किलो दह्याचा रात्रभरात साधारण २०० ग्रॅम चक्का होतो. मला तेवढाच हवा असतो. सासूबाईंनी पहिल्यांदा ती पुरचुंडी उघडी ठेवलेली पाहिली, बोटाने चाखली आणि म्हणाल्या, “हें कितें गो? साकर घालूंक विसरलें?” सणवार नसताना घरात चक्का कशाला, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

पातेल्यात साठलेलं पिवळट पाणी फेकू नका. त्यातलं थोडं ड्रेसिंगमध्येच परत जाणार आहे.

साहित्य

चक्का २०० ग्रॅम, तेल १ टेबलस्पून, माडाचं व्हिनेगर १ टेबलस्पून, मोहरी अर्धा लहान चमचा, लसणीच्या २ बारीक पाकळ्या, मीठ अर्धा लहान चमचा, साखर किंवा मध अर्धा लहान चमचा, ताजी कुटलेली मिरी पाव चमचा, दह्याचं निथळलेलं पाणी २ ते ४ टेबलस्पून. शेपू, कांद्याची पात आणि कोथिंबीर बारीक चिरून सगळी मिळून २ टेबलस्पून.

टेबलस्पून म्हणजे १५ मिलीलिटर. आपला पोहे खायचा चमचा साधारण १० चा असतो, त्यामुळे त्याने मोजलंत तर दीड चमचा धरा. ही बारीकसारीक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण तेल ‘अंदाजे’ ओतलं की हलकं ड्रेसिंग हलकं राहत नाही.

तेलाबद्दल दोन शब्द. खोबरेल वापरू नका. घरात तेच असतं, वासही सुरेख, पण ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. फ्रिजमध्ये ड्रेसिंगभर पांढरे मणी तयार होतात आणि चावताना मेणासारखे लागतात. सूर्यफूल किंवा शेंगदाण्याचं तेल ठीक. ऑलिव्ह असेल तर उत्तम, पण ते मिक्सरमध्ये फिरवू नका, कडवट होतं.

व्हिनेगर मात्र माडाचंच घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुरेचं, म्हणजे माडीचं व्हिनेगर बाटलीत भरून मिळतं. सिंथेटिक पांढऱ्या व्हिनेगरचा आंबटपणा नाकात जातो. माडाच्यात थोडी गोडसर, आंबवल्याची चव असते आणि दह्याशी तिचं जमतं. नसलंच तर लिंबू.

करायला घेताना

आधी लसूण. चिमूट मिठाबरोबर खलबत्त्यात ठेचून व्हिनेगरमध्ये टाका आणि १० मिनिटं बाजूला ठेवा. कच्च्या लसणीचा जो झणका दुसऱ्या दिवशीपर्यंत तोंडात राहतो, तो आंबटात बोथट होतो.

त्याच वेळेत मोहरी फेसा. हळदीकुंकवाच्या काकडीला आपण मोहरी फेसून लावतो तशीच: मोहरी कोरडी कुटायची, मग चमचाभर थंड पाणी घालून घोटायची आणि १० मिनिटं थांबायचं. मोहरीचा झणझणीतपणा दाण्यात तयार नसतो, पाणी लागल्यावर तयार होतो. गरम पाणी घातलंत तर तो तयारच होत नाही, आणि आंबट लगेच घातलंत तर अर्ध्यावर अडतो. म्हणून आधी थंड पाणी, मग थांबणं, व्हिनेगर शेवटी. मोहरीचं दुसरं काम तेल आणि पाणी यांना एकत्र बांधणं. परदेशी पाककृतींत मस्टर्ड सांगतात ते याचसाठी.

चक्का बारीक जाळीच्या चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढा. मिक्सर नको. मिक्सरची पाती केसीनची जाळी तोडतात, आणि रात्रभर टांगून घट्ट केलेला चक्का अर्ध्या मिनिटात पुन्हा दह्यासारखा वाहायला लागतो. हे मी दोनदा केलंय. दुसऱ्यांदा का केलं, ते विचारू नका.

आता चक्क्यात फेसलेली मोहरी, उरलेलं मीठ, साखर आणि मिरी घाला आणि हाताच्या व्हिस्कने किंवा लाकडी रवीने मिसळा. तेल बारीक धारेने सोडत फेटत राहा. एक टेबलस्पून तेल जायला मिनिटभर लागलं पाहिजे. चक्क्याला किंचित चकाकी आली की तेल बसलं समजा.

“एवढंसं तेल तरी कशाला?” असं पुष्कळ जण विचारतात. मी तेलाशिवाय करून पाहिलंय. मिरीचा, लसणीचा, शेपूचा वास तेलात विरघळतो आणि तेलानेच जिभेवर टिकतो. तेल पूर्ण काढलं की ड्रेसिंग आंबट दही होतं, आणि मग माणूस चव शोधत दुप्पट घेतो.

तेलानंतर लसणीसकट व्हिनेगर, दोन-तीन वेळा थोडं थोडं करून. मग निथळलेलं पाणी एकेक चमचा. पातळ करायला हेच पाणी, कारण साध्या पाण्याने चव फिकी होते. दही जास्त आंबट असेल तर त्याऐवजी थंड दूध. चमचा उलटा करून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ मिटली नाही तर भाज्यांना लावायला योग्य. बुडवून खायचं असेल तर पाणी घालूच नका.

शेवटी पाला. शेपू, पात आणि कोथिंबीर चिरण्याआधी धुऊन पूर्ण कोरडी करा. अमेरिकेतलं प्रसिद्ध रँच ड्रेसिंग स्टीव्ह हेन्सनने १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या आपल्या रँचवर लोकप्रिय केलं. त्यात ताक, लसूण आणि शेपूच्या जातीचाच पाला असतो. म्हणजे ताक-शेपू-लसूण हे आपल्या स्वयंपाकघरातलंच त्रिकूट तिकडे बाटलीत जाऊन बसलंय. शेपूचं नाव काढलं की नाक मुरडणारी आमच्याकडची मुलं या ड्रेसिंगमधला शेपू ओळखत नाहीत.

झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. फेटल्याने सैल झालेला चक्का तेवढ्यात पुन्हा जरा आवळतो आणि पाल्याचा वास उतरतो. मगच चव बघा, आणि नुसती चमच्याने चाटून नको. काकडीच्या तुकड्याला लावून बघा. थंड पदार्थात मीठ कमी जाणवतं, त्यात काकडीचं पाणी. चमच्यावर नेमकं लागलेलं मीठ सॅलडमध्ये कमीच पडतं.

इतक्या साहित्यात साधारण २७० ग्रॅम ड्रेसिंग होतं. माझ्या हिशेबाने टेबलस्पूनला २० च्या आसपास कॅलरी. मेयोनीजच्या पाचव्या हिश्शाइतक्या.

बिघडलंच तर

पातळ झालं तर मलमलमधून आणखी तासभर गाळायला ठेवा, मिसळलेलं असलं तरी चालतं. थोडं मीठ-आंबट पाण्याबरोबर जाईल ते पुन्हा घालायचं. कणी राहिली तर चाळणीतून एकदा आणखी काढा. आंबट झालं तर साखर वाढवत बसू नका, दोन चमचे थंड दूध किंवा साय घाला. कडवट लागलं तर बहुधा मोहरी जास्त घोटली गेली असेल. त्यावर उपाय नाही. मी तसलं ड्रेसिंग कोबीत घालून संपवते, कोबीत खपून जातं.

आपल्याकडच्या तीन चवी

मूळ ड्रेसिंग जमलं की आगळाचं, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचं करून बघाच. व्हिनेगर आणि मीठ दोन्ही वगळा, दोन लहान चमचे आगळ घाला, कारण आगळात मीठ भरपूर असतं. लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर. मोहरी नको. रंग फिकट गुलाबी येतो आणि चव सोलकढीच्या वाटेने जाते. उकडलेल्या सुंगटांवर, म्हणजे कोळंबीवर, किंवा पावसाळ्यातल्या तवशावर, म्हणजे मोठ्या काकडीवर हे घालून खा. या तिन्हींत माझा जीव याच्यावर आहे.

दुसरं रेशाद मसाल्याचं, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाटलेल्या लाल मिरचीच्या मसाल्याचं. लहान चमचाभर मसाला पाककृतीतल्याच एक टेबलस्पून तेलात मंद आचेवर मिनिटभर परता, पूर्ण गार करा आणि तेलासकट चक्क्यात घाला. कच्चा मसाला घातलात तर हळद आणि लसूण उग्र लागतात, आणि गरम घातलात तर दही फुटतं. मसाल्यात व्हिनेगर असतंच, त्यामुळे वरचं अर्धं करा. पोय, म्हणजे गोव्याचा गोल पाव, मधे चिरून आत हे, कांदा आणि तळलेल्या माशाचा तुकडा. त्याला सॅलड म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तिसरं दूध न चालणाऱ्यांसाठी, काजूचं. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला तेव्हापासून गोव्यात तो कशातही घालायचा मोह कुणाला आवरत नाही. पण काजू हलका नव्हे. १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी, त्यामुळे नुसत्या काजूच्या वाटणाचं ‘हेल्दी’ ड्रेसिंग म्हणजे फसवणूक. ४० ग्रॅम काजू, तेही स्वस्तातले तुकडे, अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. २०० ग्रॅम दुधी भोपळा सालं-बिया काढून वाफवा आणि चाळणीत चांगला निथळून घ्या. दोन्ही मिक्सरमध्ये दीड टेबलस्पून व्हिनेगर घालून लोण्यासारखं वाटा. इथे मिक्सर चालतो, उलट जितका फिरवाल तितकं मऊ. तेल मुळीच नको, काजूत भरपूर आहे.

भाज्या कोरड्या हव्यात

इथे येऊन बहुतेकांचं ड्रेसिंग पातळ होतं, आणि दोष ड्रेसिंगला जातो. लेट्यूसची पानं धुतल्यावर पंचात गुंडाळायची, चारी टोकं धरायची आणि बाल्कनीत जाऊन गरागरा फिरवायची. खालच्या मजल्यावर कुणी कपडे वाळत घातले नाहीत ना ते आधी बघा. काकडी आणि तवशाला कोशिंबिरीसारखं आधी मीठ लावून १५ मिनिटं ठेवा आणि पिळून घ्या. नाहीतर तेच पाणी ताटात सुटतं. टोमॅटोच्या बिया काढा.

एका माणसाच्या ताटाला, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम भाजीला, दोन टेबलस्पून पुरतात. मोठ्या भांड्यात हाताने हलकेच कालवा. वरून ओतलं की जास्त लागतं आणि खालची पानं कोरडीच राहतात. पानांच्या सॅलडला अगदी वाढताना लावा. कोबी, उकडलेले अळसांदे (चवळी) आणि बीट अर्धा तास मुरले तर उलट छान लागतात.

टिकवणं

उकळत्या पाण्याने धुऊन वाळवलेली काचेची बरणी, कोरडा चमचा आणि फ्रिजचा आतला खण. दारात ठेवू नका. पाला न घातलेलं ड्रेसिंग चार-पाच दिवस राहतं, पाला घातलेलं दोन-तीन. वर थोडं पाणी दिसलं तर ढवळून घ्या, ते नेहमीचंच. फेसाळलं, बुडबुडे आले किंवा वास बदलला तर टाकून द्या. पावसाळ्यात वीज अर्धा दिवस गेली असेल तेव्हाही मी फार विचार न करता टाकून देते. मिरामारला किंवा आणखी कुठे डबा न्यायचा असेल तर ड्रेसिंग वेगळ्या बाटलीत बर्फाशेजारी ठेवा, आणि एप्रिल-मेच्या उन्हात बाहेर काढल्यावर तासाभरात संपवा.

फ्रीझरमध्ये ठेवू नका. वितळल्यावर कण्या होतात.

आणि तो सलाद रूसा

पहिल्या फजितीनंतर मी तो असा करते. बटाटे सालासकट उकडायचे, म्हणजे पाणी पीत नाहीत. सोलून कोमट असतानाच फोडी करून त्यांना चमचाभर व्हिनेगर आणि मीठ लावायचं. गार बटाट्यात चव शिरत नाही. गाजर आणि मटार वाफवून पंचावर पसरून वाळवायचे. सगळं पूर्ण गार झाल्यावर अर्धा किलो भाजीला १५० ग्रॅम ड्रेसिंग, पाणी न घालता दाट ठेवलेलं. बीट वेगळं उकडून, कोरडं पुसून, वाढायच्या आधी पाच मिनिटं वरून घालायचं आणि फार ढवळायचं नाही.

गेल्या नाताळात वाडगाभर शेजारणीकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी रिकामा वाडगा परत आला, सोबत दोन नेवऱ्या (करंज्या) आणि निरोप: व्हिनेगर कमी पडलंय. खाऊन पाहिलं तर खरंच कमी होतं, बटाट्याने ओढून घेतलं होतं. तेव्हापासून रूसासाठी मी अर्धा टेबलस्पून जास्त घालते.